विंधन विहिरींची कामे आणि ज्वालाग्राही द्रव्ये

होळी आटोपली की शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. भातसा व तानसा यांसारखी मोठी धरणे याच परिसरात असली, तरी डोंगरपट्टीतील अनेक वाड्या-पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते आणि जवळचा आधार म्हणून विंधन विहिरीचा विचार होतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत तर जमिनीला छिद्रे पाडण्याचे काम बारमाही चालते. कोठे गृहसंकुलासाठी कूपनलिका, कोठे इमारतीच्या पायासाठी पायलिंग, कोठे मेट्रोमार्गाचे खांब. प्रयोजने निराळी असली, तरी एक गोष्ट या सर्व ठिकाणी सारखीच आढळते. यंत्राच्या शेजारी डिझेलचे पिंप उभे असते.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडील काळ्या पाषाणात पहारीने विहीर खणावयास महिनोन्‌महिने लागत. दाबलेल्या हवेच्या जोरावर चालणाऱ्या हातोड्याने हे काम काही तासांवर आणले. मात्र ती हवा दाबण्यासाठी मोठे डिझेल इंजिन लागते आणि ते इंजिन तासन्‌तास भर वेगाने चालवावे लागते. म्हणून रिगच्या गाडीमागे दुसरी गाडी असते. तिच्यावर रॉड, केसिंगचे पाइप, इंधनाची पिंपे आणि कामगारांचे सामान यांचा एकत्र संसार असतो. स्वयंपाकही बहुधा तिच्याच आडोशाला होतो.

विहीर हे पाण्याचे काम. त्यामुळे त्या ठिकाणी आग लागू शकेल ही कल्पना ग्रामपंचायतीच्या बैठकीत सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाणी लागेल की नाही, किती फुटांवर लागेल, बिल किती होईल, याची चर्चा होते. गाडीवर इंधन किती आहे आणि ते कोठे ठेवणार, हा प्रश्न विचारला जात नाही.

परवान्याची मर्यादा

पेट्रोलियमजन्य द्रव्यांसंबंधीचा मूळ कायदा १९३४ चा आहे. त्यात या द्रव्यांचे तीन वर्ग केले आहेत. वर्गवारीचा आधार आहे फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तपमानास द्रवाच्या पृष्ठभागावर जमणारे बाष्प ठिणगी लागताच पेट घेते ते तपमान. २३ अंश सेल्सिअसच्या खाली फ्लॅश पॉइंट असणारी द्रव्ये 'अ' वर्गात येतात. पेट्रोल त्यांपैकी एक. २३ ते ६५ अंशांच्या दरम्यानची द्रव्ये 'ब' वर्गात मोडतात. डिझेल व रॉकेल ही त्यांतली. त्याहून वरची, ९३ अंशांपर्यंतची, 'क' वर्गात.

'अ' वर्गातील द्रव्य विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत बाळगण्यास परवाना लागत नाही, परंतु ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा व काचेचे वा चिनी मातीचे भांडे एका लिटरपेक्षा मोठे चालत नाही. 'ब' वर्गासाठी ही सूट एकंदर २,५०० लिटरपर्यंत आहे; अट एवढीच की कोणत्याही एका भांड्याची क्षमता १,००० लिटरांहून अधिक नसावी.

हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. दोनशे लिटरची बारा पिंपे ओळीने उभी केली, तरी साठा २,४०० लिटरच होतो. म्हणजे बोअरच्या गाडीवरचे डिझेल जवळजवळ नेहमीच परवान्याच्या मर्यादेखाली राहते. कायद्याने ही सूट योग्य कारणासाठी दिली आहे. शेतकऱ्याला पंपासाठी चार कॅन डिझेल आणताना कचेरीत खेटे घालावे लागू नयेत, हे उचितच होय. तथापि या सुटीचा एक परिणाम असा की, विस्फोटकविषयक खात्याचा अधिकारी हा साठा पाहावयास येत नाही आणि कारखान्यांचा निरीक्षकही येत नाही. शाळेच्या पटांगणात दीड-दोन हजार लिटर इंधन दोन दिवस उभे राहते आणि त्याकडे पाहणारे असतात ते फक्त मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि वॉर्डाचा सदस्य.

पेटते ते बाष्प

ज्वालाग्राही द्रवासंबंधीचे जवळपास सगळे नियम एका साध्या गोष्टीतून निघतात. द्रव स्वतः पेटत नाही. त्याच्यावर साचलेले बाष्प हवेत मिसळून पेटते. शाळेत हे दाखविणे सोपे आहे, आणि त्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल हाताळण्याचे मुळीच कारण नाही. मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढुरक्या धुराला, वातीस स्पर्श न करता, जळती काडी लावावी. ज्योत धुराच्या रेषेवरून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. पेटली ती मेणाची वाफ.

या बाष्पाचे दोन गुण घातक आहेत. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते हवेहून जड असते. पेट्रोलचे बाष्प हवेच्या तिपटीहून जड असते. त्यामुळे ते वर उडून न जाता जमिनीसरपट पसरते, उतार शोधते, खड्ड्यात व गटारात साचते. ठिणगी वीस पावलांवर असली तरी आग त्या अदृश्य वाटेने पिंपापर्यंत परत येऊ शकते. बोअरच्या ठिकाणी तर खड्डे मुद्दाम केलेले असतात. वर आलेला चिखल वाहून नेण्यासाठी चर खणलेला असतो आणि सांडलेले इंधन नेमके त्यातच जाते.

बाष्प पेटण्यासाठी हवेतील त्याचे प्रमाणही विशिष्ट असावे लागते. पेट्रोलच्या बाबतीत ते सुमारे दीड ते साडेसात टक्के आहे. याहून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही, अधिक असेल तर हवा अपुरी पडते. यातूनच एक विपरीत वाटणारी गोष्ट घडते. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक धोक्याचे असते. भरलेल्या पिंपात बाष्पाला जागाच नसते. रिकाम्या पिंपाच्या तळाशी वाटीभर द्रव उरले असेल, तर आतली सगळी पोकळी पेटण्याजोग्या मिश्रणाने भरू शकते. पाण्याची टाकी किंवा गुरांचे कुंड करण्यासाठी असे पिंप गॅसकटरने कापताना झाकण उडून माणसे दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. पिंप पूर्वी कशाचे होते हे ठाऊक नसेल, तर ते न कापणे हाच शहाणपणा होय.

डिझेल पेटत नाही, हा समज

'डिझेल आहे, पेट्रोल नव्हे; काडी टाकली तरी विझते,' असे कामावरची जुनी माणसे सांगतात. थंडीत, सावलीत ठेवलेल्या डिझेलपुरते ते खरेही आहे. आपल्या देशातील डिझेलचा फ्लॅश पॉइंट प्रमाणकानुसार किमान ३५ अंश असावा लागतो. आता मुरबाडचा मे महिना डोळ्यांपुढे आणावा. सावलीतले तपमान चाळिशीच्या आसपास, आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याच्या पिंपाला हात लावता येत नाही. अशा वेळी पिंपातील डिझेल ३५ अंशांच्या पुढे गेलेले असू शकते आणि थंडीतले निरुपद्रवी द्रव पेट्रोलच्या वाटेने जाऊ लागते. विंधन विहिरींचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. पिंपावर ताडपत्रीची सावली करण्यास खर्च नाही, पण ती केलेली क्वचितच दिसते.

दुसरी गोष्ट ठिणगीवाचून पेटण्याची. तापलेल्या पृष्ठभागावर काही द्रव्ये ज्योत किंवा ठिणगी नसतानाही पेट घेतात. या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा सोशिक तर नाहीच, उलट ते कमी तपमानास पेटते; सव्वादोनशे अंशांच्या आगेमागे. भर वेगाने चाललेल्या इंजिनाचा सायलेन्सर यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. इंधनाच्या नळीचा जोड सैल असेल आणि डिझेलची बारीक धार त्यावर पडली, तर काडी ओढणारा कोणी असण्याची गरज नाही. हायड्रॉलिक तेलाचेही तसेच. पिंपात ते सहजासहजी पेटणार नाही, पण दाबाखालील नळीला सुईएवढे छिद्र पडले की तेल धुक्यासारखे उडते आणि ते धुके गरम धातूवर भडकते. रिगवरील नळ्या ओघळलेल्या किंवा चिंध्यांनी बांधलेल्या दिसल्या, तर काम सुरू होण्यापूर्वीच हरकत घेतली पाहिजे.

धोका साठ्यापेक्षा हालचालीत अधिक असतो. इंधन पिंपातून टाकीत ओतण्याची वेळ ही सर्वांत नाजूक. कामाचा खोळंबा नको म्हणून चालू इंजिनातच कॅन रिता केला जातो, नरसाळे नसते, ओघळ गरम भागावरून खाली उतरतो. इंजिन बंद करून ते निवेपर्यंत थांबावे, हातपंप व नळी वापरावी, धातूची दोन भांडी तारेने एकमेकांस जोडून घ्यावीत. तार जोडण्याचे कारण स्थितिक विद्युत् हे होय. द्रव नळीतून वाहताना विद्युत्‌भार साचतो आणि त्याची ठिणगी बाष्पाला पुरेशी होते. डिझेलच्या बाबतीत हा धोका कमी मानला जातो. पण ज्या पिंपात पूर्वी पेट्रोल किंवा एखादे द्रावक होते त्यातच डिझेल भरले, तर आत उरलेल्या बाष्पाला ती ठिणगी पुरते. भंगारातून आणलेल्या पिंपांबाबत ही शक्यता नेहमीच गृहीत धरावी. डिझेल मोजून जागेवर पोचविणाऱ्या फिरत्या गाड्या २०१८ पासून आपल्या राज्यात सुरू झाल्या आहेत. मोठ्या पायलिंगच्या कामावर पिंपांची रांग लावण्यापेक्षा अशी गाडी बोलावणे केव्हाही बरे.

डोंबिवलीचा शेजार

भंगारातील पिंपांचा प्रश्न या परिसरात विशेष गंभीर आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात रंग, औषधे व इतर रसायने बनविणारे अनेक कारखाने आहेत. टोल्युइन, ॲसिटोन, मिथेनॉल अशी द्रावके या उद्योगात वापरात असतात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट अवघा ४ अंश, मिथेनॉलचा ११, आणि ॲसिटोनचा तर शून्याच्याही खाली आहे. म्हणजे आपल्या हवामानात ही द्रव्ये बाराही महिने, मध्यरात्रीसुद्धा, पेटण्याच्या तयारीत असतात.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतील प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला. त्यात १२ जण मृत्युमुखी पडले आणि दीडशेहून अधिक जखमी झाले. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या टप्प्यातील अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन दहाहून अधिक जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळी दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखान्यांतील या स्फोटांची रासायनिक कारणमीमांसा बोअरच्या गाडीला जशीच्या तशी लागू होत नाही. तथापि एक वस्तुस्थिती तेथे राहणाऱ्यांनी दोनदा पाहिली: कुंपणाच्या आत काय साठविले आहे हे कुंपणाबाहेरच्या घरांना माहीत नव्हते. रासायनिक अपघातांसाठी जिल्हा व स्थानिक संकट गट स्थापण्याची तरतूद १९९६ च्या केंद्रीय नियमांत आहे. तिचा रोख मोठ्या धोक्याच्या कारखान्यांकडे आहे. दोन दिवसांच्या बोअरच्या कामापर्यंत ती पोचत नाही.

समुद्रावरची शिस्त

तेलासाठी जेथे विंधन होते, तेथे ज्वालाग्राही द्रव हा प्रत्यक्ष कामाचाच विषय असतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने केलेल्या विंधनात तेल लागले आणि बॉम्बे हाय हे नाव घरोघरी पोचले. अशा ठिकाणी बाष्प कोठे साचू शकेल याचे पट्टे आखलेले असतात. त्या पट्ट्यांत ठिणगी न पाडणारीच विद्युत् साधने चालतात, आणि वेल्डिंगसारख्या कामासाठी दर वेळी लेखी परवाना घ्यावा लागतो.

एवढे असूनही २७ जुलै २००५ रोजी तेथील उत्तर फलाटावर आपत्ती ओढवली. एका जखमी कर्मचाऱ्याला फलाटावर पोचविण्यासाठी आलेले 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या समुद्रात फलाटावर आदळले, तेल-वायूच्या उभ्या वाहिन्या फुटल्या आणि सुमारे दोन तासांत सगळा फलाट आगीत नष्ट झाला. २२ जणांचा अंत झाला, साडेतीनशेहून अधिक लोकांना वाचविण्यात यश आले. त्याआधी, ६ जुलै १९८८ रोजी, उत्तर समुद्रातील पायपर अल्फा फलाटावर १६७ माणसे गेली होती. तेथे दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती. त्याचा कागद कार्यालयात होता, परंतु रात्रपाळीच्या लोकांपर्यंत ती माहिती गेली नाही आणि त्यांनी पंप सुरू केला. कागद असणे आणि तो हाताने काम करणाऱ्यास ठाऊक असणे, या दोन गोष्टींत किती अंतर पडते हे कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

आपल्याकडील गाड्यांच्या बाबतीत हे अंतर भाषेचेही असते. बोअरच्या कित्येक गाड्या तामिळनाडूतील तिरुचेंगोडे येथून येतात. तो गाव या व्यवसायासाठी देशभर प्रसिद्ध आहे. त्यांवरील कामगारांस मराठी येत नाही. मराठीत टंकलेल्या अटींवर ठेकेदाराची सही झाली म्हणजे त्या कामगारांपर्यंत पोचल्या, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. विडीवर फुली मारलेले साधे चित्र पिंपांजवळ लावले तर ते अधिक काम करील.

जमिनीखाली काय आहे

इंधन नेहमी गाडीवरच असते असे नाही. मुंबईहून मनमाडकडे पेट्रोलियम पदार्थ नेणारी वाहिनी ठाणे जिल्ह्यातून जाते. शहरांत स्वयंपाकाच्या गॅसच्या नळ्या रस्त्यांखाली पसरल्या आहेत. १९६२ च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या जमिनीवर अशा वाहिनीसाठी वापराचा हक्क संपादन केलेला असतो, तेथे मालकाला पीक घेता येते. परंतु इमारत बांधणे, विहीर किंवा तळे खणणे आणि झाड लावणे यांस मनाई आहे. सातबाऱ्यावरील नोंद पाहिल्याशिवाय आणि शेताच्या बांधावर वाहिनीच्या खुणेचे दगड आहेत का हे तपासल्याशिवाय बोअरची जागा ठरवू नये.

जमिनीखालच्या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण ठाण्यातच आहे. वागळे इस्टेट भागात घेतलेल्या एका कूपनलिकेने मुंबईला पाणी नेणाऱ्या जलबोगद्याला छिद्र पाडले आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. त्या बोगद्यात पाणी होते, म्हणून प्रकरण कपातीवर भागले.

पंचायतीच्या हाती काय आहे

परवाना लागत नसला तरी पंचायत अगदीच रिक्तहस्त नाही. उघड्या कूपनलिकांत मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. कूपनलिका घेण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी जमीनमालकाने जिल्हाधिकारी, सरपंच किंवा संबंधित प्राधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे त्यांत म्हटले आहे. ही सूचना मुलांच्या सुरक्षिततेसाठी होती, परंतु ती हाती आलेले पंधरा दिवस इंधनाविषयी बोलण्यासही उपयोगी पडू शकतात. जेथे काम पंचायतीच्या किंवा शाळेच्याच जागेत असेल, तेथे तर कार्यादेशात अट घालता येते: दिवसभराच्या गरजेपुरतेच इंधन आणावे, पिंपे सावलीत, यंत्रापासून व चुलीपासून किमान पन्नास फुटांवर आणि चराच्या वरच्या बाजूस ठेवावीत, शाळा चालू असता इंधन भरू नये. आगीच्या बाबतीत निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली अपराध आहे, हेही ठेकेदारास सांगून ठेवावे.

आग लागलीच, तर पाण्याची बादली हाताशी असूनही ती फेकण्याचा मोह आवरला पाहिजे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते तरंगते आणि आग पाण्याबरोबर पुढे सरकते. बोअरच्या कामावर पाणी आणि चिखल भरपूर असतो, म्हणून ही चूक तेथे सहज घडते. कोरडी वाळू किंवा माती आणि कोरड्या भुकटीचे अग्निशामक यंत्र हीच योग्य साधने होत. सांडलेल्या मिथेनॉलची आग तर दिवसाउजेडी दिसतही नाही. फक्त हवा थरथरताना दिसते आणि धग लागते. आग पिंपांपर्यंत पोचली असेल, तर विझविण्याच्या भरीस न पडता माणसे दूर करून १०१ वर कळवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. हळद, तेल किंवा दंतमंजन लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

काम संपून गाडी निघते तेव्हा सर्वांचे लक्ष हातपंपाच्या पहिल्या धारेकडे असते. त्याच वेळी कोणीतरी एक फेरी मारावी. तेलाने भिजलेली माती उकरून बाजूला घ्यावी, चरात तवंग आहे का पाहावे, आणि ठेकेदाराचे माणूस 'पाणी साठवायला राहू द्या' म्हणून एखादे रिकामे पिंप शाळेत सोडून जात असेल, तर ते गाडीवर परत चढवावे.